आधी स्थानिकांना

20 सप्टेंबर 2025, शनिवार. माझी मुलगी डलासहून चंद्रपूरला आलेली होती. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. तिच्या आईच्या नावानं पहिल्यांदाच पान वाढायचं होतं, म्हणून ती एकटीच आली. जावई आणि नातू तिकडेच. सकाळी ती फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, कंपनीचा मेल आला. उद्याच्या मुदतीआधी अमेरिकेत पोचा म्हणते."

"काऊन? काय झालं?"

झालं होतं ते असं. एच-वन-बी व्हिसावर बाहेरून माणूस आणायचा तर कंपनीनं 1 लाख डॉलर भरावेत, असा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदल्या दिवशी काढला होता. आपल्या पैशात सुमारे 88 लाख. अंमल लगेच, म्हणजे आपल्याकडच्या रविवारी सकाळी साडेनऊपासून. ज्यांच्या हातात आधीच व्हिसा आहे, पण जे आत्ता अमेरिकेबाहेर आहेत, त्यांचं काय, हे कोणालाच नीट कळत नव्हतं. तिथले वाणिज्यमंत्री तर रक्कम दरवर्षी भरावी लागेल असं बोलून गेले होते.

इथून नागपूरचं विमानतळ गाठायलाच तीन तास. पुढे मुंबई किंवा दिल्ली, मग आखाती देशात विमान बदलायचं. जावई तिकडून आणि आम्ही इकडून वेळ जुळवत बसलो. जुळली नाही. तरी पोरीनं बॅग भरली. नातू व्हिडिओ कॉलवर "आई, तू कधी येतेस?" विचारत होता आणि ती त्याला तारीख सांगू शकत नव्हती. रविवारी उजाडायच्या आत व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेविट यांचा खुलासा आला: रक्कम एकदाच, तीही नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना येण्याजाण्याची मोकळीक आहे. मग आम्ही पान वाढलं.

पुढचे काही दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकानं अमेरिकेला शिव्या घातल्या. मला त्यात सूर मिसळता आला नाही, कारण मी स्वतः 'आधी स्थानिकांना' या मागणीवर उभा राहिलेला माणूस आहे. आमची शेती कोळशाच्या खुल्या खाणीत गेली. दोन एकरांमागे एक नोकरी या नियमानं मी खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. त्या नोकरीवर घर उभं राहिलं आणि मुलगी चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली. पुढे मी युनियनमध्ये होतो, मोर्चांत होतो. ज्याची जमीन गेली, ज्याच्या छपरावर कोळशाची धूळ बसते, त्याच्या पोराला पहिलं काम मिळालंच पाहिजे. हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. सुरजागडचं लोखंड ज्या एटापल्ली तालुक्यातून निघतं तिथली पोरं हेच मागतात, कोनसरीच्या कारखान्याभोवतीच्या गावांतही हीच मागणी आहे. ती रास्त आहे. मग अमेरिकेतला एखादा इंजिनिअर तेच म्हणतो तेव्हा तो वाईट कसा?

त्याची तक्रार खोटीही नाही. 2015 साली फ्लोरिडातल्या डिस्नेच्या संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांची नोकरी गेली. त्यांतल्या काहींना जाण्याआधी आपल्या जागी आलेल्या परदेशी माणसांना काम शिकवावं लागलं. आलेले बरेचसे एच-वन-बीवरचे भारतीय होते. त्या माणसांचा राग मला समजतो.

पण तो राग कोणावर काढायचा, हे मी खाणीत शिकलो. आमच्याकडे माती काढायचं काम कंत्राटावर गेलं आणि कंत्राटदारानं बिहार, झारखंडकडून माणसं आणली. गावची पोरं त्या माणसांवर चवताळली. मी त्यांच्या खोल्यांवर जाऊन बसायचो तेव्हा कळायचं: कागदावर हाय पॉवर कमिटीनं ठरवलेली मजुरी, बँकेत तेवढी जमाही व्हायची, आणि त्यातला मोठा हिस्सा सुपरवायझर रोख परत घ्यायचा. तक्रार केली की गेटपास बंद. गावच्या पोराला कंत्राटदार घेत नव्हता याचं खरं कारण हे होतं. गावचं पोर पैसे परत देणार नव्हतं. त्याच्यामागे भाऊबंद होते, युनियन होती.

माझ्या मुलीचा पगार कोणी परत घेत नाही. तिची स्थिती पुष्कळ बरी आहे. तरी तिचा गेटपास कंपनीच्याच हातात आहे. वर्षाला 85 हजार व्हिसे, त्यासाठी सोडत; तिचा पहिल्या वर्षी नंबर लागलाच नव्हता. नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. अशी अडकलेली बाई बॉसपुढे आवाज चढवेल का? आणि तिचा आवाज बंद, तर शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसाचाही पगार दबूनच राहणार. दोघांचं नुकसान एकाच जागेवरून होतं.

म्हणून 1 लाख डॉलरचा आदेश मला चुकीचा वाटतो. मोठी कंपनी ती रक्कम भरेल किंवा कामच पुण्या-हैदराबादला हलवेल. लहान गावातलं हॉस्पिटल परदेशी डॉक्टरसाठी एवढे पैसे कुठून आणणार? त्याच महिन्यात तिथल्या सरकारनं दुसरा एक प्रस्ताव मांडला: सोडतीत जास्त पगाराच्या अर्जाला जास्त संधी. नुकत्याच शिकून निघालेल्या मुलांना तो जाचेल हे खरं, पण स्वस्तात माणूस आणायची सवय त्यानं मोडू शकते. त्याच्या जोडीला नोकरी बदलायची पूर्ण मुभा दिली तर अर्धं भांडण मिटेल. आणि नियम बदलायचा तर पुढच्या वर्षीच्या अर्जापासून बदला. आईच्या श्राद्धाला गेलेल्या बाईला रात्रीतून बाहेर ठेवण्याची धास्ती घालणं हा राज्यकारभार नव्हे.

मुलगी नवरात्रात महाकालीचं दर्शन घेऊन परत गेली. विमानतळावर तिला कोणी अडवलं नाही.

आपल्याकडच्या पोरांना माझं एक सांगणं आहे. कोनसरीत, बल्लारपूरला, घुग्घुसला स्थानिकांसाठी काम जरूर मागा, जोरात मागा. आयटीआयमध्ये त्या कामाचं शिक्षण मागा. मोर्चा मात्र कंत्राटदाराच्या कार्यालयावर न्या आणि मजुरीचं रजिस्टर उघडायला लावा. बाहेरून आलेल्या मजुरांच्या खोल्यांवर जाऊ नका.