तीस दिवसांचं छप्पर

पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या वस्त्यांमध्ये ती कुठे राहते, हे कुणाला विचारावं लागायचं नाही. सान हुआनला उतरणाऱ्या विमानातूनही ती दिसायची. हिरव्या उतारावर, घरांच्या दाटीत, लखलखीत निळी. तिथली माणसं तिला 'तोल्दो' म्हणतात. आपल्याकडे ती ताडपत्री.

अंगाने ती पातळच. प्लास्टिकच्या धाग्यांची उभी-आडवी वीण आणि वर प्लास्टिकचाच मुलामा. अमेरिकी लष्कराचे अभियंते ती बसवतात, तेव्हा उघड्या पडलेल्या वाशांवर ती ताणून धरतात, वर लाकडी पट्ट्या ठेवतात आणि पट्टीवरून खिळे मारत जातात. काम एका दिवसाच्या आत उरकतं. मग घरात तिचा स्वभाव कळायला लागतो. दुपारी सगळ्या खोलीत निळा उजेड, इतका की ताटातला भातही निळसर दिसावा. वारा सुटला की रात्रभर फडफड. सर आली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. खाली उकाडा असा की दुपारी आत बसवत नाही. तरीही घरातली माणसं तिच्यावर चिडत नाहीत. तिच्यामुळे गादी कोरडी आहे, औषधं कोरडी आहेत आणि कागदपत्रांची पिशवी कोरडी आहे.

तिचं खरं वैर वाऱ्यापेक्षा उन्हाशी. कॅरिबियनचं ऊन तिचा धागा कडक करतं, मग कडा झिरमिळ्या होतात, मग खिळ्याच्या भोकापासून चीर पुढे सरकते. हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. तिची मुदतच मुळी तीसेक दिवसांची धरलेली. महिन्याभरात पक्कं छप्पर येईल, तोवर तिने तग धरायचा, एवढाच करार. तिने तो पाळला. ज्यांनी पुढचं छप्पर द्यायचं होतं, त्यांनी पाळला नाही.

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे अर्धं वर्ष आकाशाकडे डोळे लावून काढायचं, आणि त्यात सप्टेंबर सगळ्यांत वाईट. २०१७ च्या ६ सप्टेंबरला इर्मा हे चक्रीवादळ बेटाच्या उत्तरेकडून घासून गेलं. ते सावरतंय तोवर २० तारखेला मारिया याबुकोआला धडकलं, ताशी सुमारे २५० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. अख्ख्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले.

छप्पर उडाल्यावर पहिले आठ-दहा दिवस मोलाचे असतात. वादळातून जे वाचलं, ते त्यानंतरचा साधा पाऊस नासवतो. भिंतींना बुरशी धरते, लहान मुलांना दमा लागतो. नेमकी त्या दिवसांत ती नव्हती. अमेरिकी सरकारच्या आपत्ती-निवारण संस्थेने, 'फेमा'ने, फ्लोरिडातल्या एका नव्यानेच उभ्या राहिलेल्या कंपनीला तीन कोटी डॉलरचं कंत्राट दिलं होतं, ताडपत्र्या आणि प्लास्टिकच्या गुंडाळ्यांसाठी. त्यातली एकही पोहोचली नाही. नोव्हेंबरात कंत्राट रद्द झालं. लोक नळाच्या पाण्यासाठीही ताटकळत होते, तेव्हा ३ ऑक्टोबरला अध्यक्ष ट्रम्प आले, गर्दीत पेपर टॉवेलच्या गुंडाळ्या फेकल्या आणि कट्रिना वादळासारख्या 'खऱ्या' आपत्तीशी तुलना करून इथले मृत्यू मोजकेच असल्याचं सांगून गेले. सरकारी आकडा नंतर ६४ वर येऊन थांबला, तो पुढच्या ऑगस्टपर्यंत तिथेच राहिला. मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर पोर्तो रिकोच्या सरकारने मान्य केला तो अंदाज २,९७५ चा. यातले बहुतेक वाऱ्याने मेले नाहीत. डायलिसिस थांबलं, ऑक्सिजनच्या यंत्राला वीज नव्हती, दवाखान्यापर्यंत रस्ता नव्हता. मला हे लिहितानाही संताप येतो.

पुढे लष्करी अभियंत्यांनी जवळजवळ साठ हजार घरांवर ती बसवली. आणि तिथेच ती अडकली.

का अडकली, हे कोकणातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही. घर आजोबांनी बांधलेलं, जागा कुटुंबाची, पण नावावर कागद नाही. सामाईक सातबाऱ्यावर पाच चुलत्यांची नावं असली की भरपाईसाठी किती खेटे घालावे लागतात, ते आपण जाणतो. पोर्तो रिकोत अशी घरं गावोगाव आहेत. 'फेमा'ने मालकीचा पुरावा मागितला आणि तो नाही म्हणून हजारो अर्ज फेटाळले. पिढ्यान् पिढ्या त्याच अंगणात राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला, हे घर तुझं कशावरून, असं विचारायचं, तेही तिचं छप्पर उडालेलं असताना! घरबांधणीसाठी मंजूर झालेला अब्जावधी डॉलरचा निधीही वॉशिंग्टनमध्ये अटींखाली वर्षानुवर्षं रखडला. ही माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अध्यक्ष निवडता येत नाही आणि काँग्रेसमध्ये त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. दिरंगाईचा जाब त्यांनी मतपेटीतून कसा विचारायचा?

अर्थात मत असलं तरी गरिबाची सुटका होतेच असं नाही. २००५ मध्ये कट्रिनानंतर न्यू ऑर्लिन्सवर हीच निळी पसरली होती. ताडपत्री सरकारने पुरवलेली. ती बसवायला वरच्या कंत्राटदाराला शंभर चौरस फुटांमागे १७५ डॉलर मिळत होते. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली आणखी एक. प्रत्यक्ष छपरावर चढून खिळे मारणाऱ्याच्या हाती काही ठिकाणी दोनच डॉलर पडले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

पोर्तो रिकोतल्या तिला रजा द्यायला फार काही लागत नव्हतं. वासे, पत्रे, छप्पर भिंतीला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि सुताराची मजुरी. ते होईपर्यंत लोकांनी एक फाटली की तिच्यावर दुसरी घातली, टायर आणि विटा ठेवून ती दाबली. २०२१ मध्ये 'फेमा'ने अखेर मालकीच्या पुराव्याचा नियम सैल केला, पण त्यापुढच्या आपत्तींसाठी. मारियात घर उघडं पडलेल्यांना तो लागू नव्हता. १८ सप्टेंबर २०२२ ला फियोना वादळ आलं, बेटाची वीज पुन्हा गेली, दक्षिणेत काही ठिकाणी तीस इंचांच्या घरात पाऊस कोसळला. तेव्हाही हजारो कुटुंबं तिच्याच खाली होती.