आमची काटकसर

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु ती कोठें करावी हें न कळल्यास तिच्याइतकें महाग व्यसन दुसरें नाहीं. हा बोध आम्हांस आमच्या घरच्या एका लहानशा राउटरनें करून दिला.

२०१० सालीं त्या राउटरची प्रणाली आम्हीं स्वहस्तें बांधली. आंत लिनक्सचा गाभा आणि त्यावर यूसीलिबसी नांवाची आटोपशीर मुक्त-स्रोत लायब्ररी. लायब्ररी म्हणजे सर्व प्रोग्रामांचा सामायिक पाया. नांवावरून पत्ता शोधणें, पलीकडच्या यंत्राशीं संभाषण सुरू करणें, हें प्रोग्राम तिच्याच द्वारें करितात. बांधणीपूर्वीं ती एकेक सोय हवी कीं नको, हें विचारून घेते. ‘आयपी’ची सहावी आवृत्ति हवी काय, या प्रश्नास आम्हीं ऐटीनें ‘नको’ म्हटलें. अवघ्या चार मेगाबाइटांच्या जागेंत अडगळ हवी कशास? त्या ‘नको’मुळें कांहीं प्रोग्राम बांधणींतच अडले, तेव्हां त्यांतील नव्या पत्त्यांचा भाग आम्हीं कातरून टाकला व आपल्याच चातुर्यावर संतुष्ट झालों.

वास्तविक हवा कोणीकडे वाहते हें ठाऊक होतें. चौथी आवृत्ति १९८१ सालची. तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटीच. एवढ्यांत जगाचें भागणार नाहीं हें ओळखून १९९५ सालीं १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ति प्रसिद्ध झाली. जागतिक कोठारांतील जुन्या पत्त्यांचे शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. आम्हीं तें वृत्त वाचलें आणि स्वस्थ बसलों.

पुढें आमच्या सेवादारानेंही काटकसर आरंभिली. अनेक घरें त्यानें एकाच जुन्या पत्त्याआड बसविलीं. घरांतून बाहेर जातां येई; बाहेरून घरांत येतां येईना. त्या वेळीं आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या होत्या. धाकटी भगिनी जर्मनींत. निजण्यापूर्वीं कॅमेऱ्यांतून आईचें मुख एकदां पाहावें, हा तिचा नेम. तें चित्र हेंच यंत्र बाहेर पोंचवी. तें एकाएकीं बंद पडलें. सेवादार नवा पत्ता देण्यास तयार होता. तो घेणारें दार आम्हींच बुजविलें होतें. पाया बदलला, पण प्रत्येक प्रोग्रामांतील आमची कातरकाम शोधून सांधण्यांत नऊ दिवस गेले.

लहान यंत्रांची अडचण खोटी नाहीं. ज्यास हवें त्यानें आपल्या यंत्राच्या गाभ्यांतून नवी आवृत्ति खुशाल वगळावी. तो त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु सामायिक पायांत हा विकल्प ठेवला, कीं प्रत्येक प्रोग्रामाच्या कर्त्यास दोन जगांसाठीं लिहावें लागतें, आणि त्यांपैकीं एकाची परीक्षा सहसा कोणी घेत नाहीं. मसल नांवाच्या दुसऱ्या लहान लायब्ररीनें हें ओळखलें. तिच्यांत नवी आवृत्ति सदैव असते. गाभ्यास ती येत नसेल, तर पत्ते विचारतांना ती चालत्या कामांतच मुकाट्यानें जुन्या वाटेनें जाते. आटोपशीरपणा म्हणजे दारें बुजविणें नव्हे.

दहाव्या रात्रीं भगिनीस आईचें मुख दिसलें. तिनें आम्हांस दोष दिला नाहीं. आईस शाल नीट पांघरा, एवढेंच सांगितलें.