दाराबाहेरचा साथीदार

अपराध चौघांनी मिळून केला, तर शिक्षाही चौघांस सारखीच असावी काय? मनुष्यास कोंडून ठेवल्याचा एखादा खटला कल्पावा. एकाने बेत रचला, दोघांनी धरून आत लोटले, आणि वीस वर्षांचा एक पोर दाराबाहेर पहारा करीत बसला. आत कोंडलेल्यास मात्र दार एकच, आणि ते बंद!

कायद्याचे पहिले उत्तर कठोर आहे. 1923 साली कलकत्त्यातील शांखारीटोला पोस्टात पोस्टमास्तर गोळीने ठार झाला. आपण भिऊन बाहेर उभे होतो, असे बरेंद्रकुमार घोष या आरोपीचे म्हणणे. तसे असले तरी समान हेतूने उभा राहणाराही खुनाचा वाटेकरीच, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले व निकालात मिल्टनच्या एका ओळीचे स्मरण केले. ईश्वरसेवेविषयीची ती ओळ पापाच्या चाकरीसही लागू पडावी, याचे आम्हांस नवल वाटते; पण ती पडते खरी.

तथापि दोष समान म्हणून दंड समान, असे मात्र नव्हे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोष ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकण्याची तरतूद केली. 2023 च्या नव्या संहितेनेही ती राखली. परिवीक्षेच्या 1958 च्या कायद्यान्वये, जन्मठेपेहून हलक्या अपराधांत, एकविसाच्या आतील आरोपीस तुरुंगात धाडावयाचे तर न्यायाधीशास कारणे लिहावी लागतात.

येथेच दुःखी बालपणाची कहाणी पुढे येते. बापाचा मार, घरची उपासमार, सुटलेली शाळा. ती ऐकून मन द्रवते. पण बेत रचणाराचीही कहाणी बहुधा अशीच असते, आणि कोंडलेल्याच्या रात्री तिने आखूड होत नाहीत. भारतीय न्याय संहिता कोंडल्याचे दिवस मोजते: सामान्यतः एक वर्षापर्यंत, तीन दिवसांवर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवसांवर पाच वर्षांपर्यंत कैद.

मग माप कोणते? आमच्या मते एकच प्रश्न पुरे: दार उघडणे कोणाच्या किती हाती होते? बेत रचणारास एक शब्द पुरे होता. त्याच्याच अन्नावर वाढलेल्या पोरास तेवढ्यासाठी आसरा गमवावा लागला असता. म्हणून त्यास शिक्षा कमी असावी. पण कडी त्याच्याही हाताशी होती. म्हणून ती शून्य नसावी. दयेने मनुष्य पाहावा, परंतु दाराआडचा मनुष्य विसरू नये.