गजूकाका, भांडण तुमच्याशी होतं

ती. स्व. गजूकाका कामेरकर यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही पडद्यावरचे, मी धाराशिवचा. उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितोय. राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ 4 नोव्हेंबर 2016 ला लागला, तेव्हा आमचा जिल्हा कागदोपत्री उस्मानाबाद होता. नाव बदललं, 2022 पासून शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तरी पेशंट सिरीयस झाला की ‘सोलापूरला हलवा’ हे अजून कानावर येतंच. तुळजापूर ओलांडताना अँब्युलन्समधली माणसं देवीच्या दिशेनं हात जोडतात आणि त्याच हातांनी मोबाईलवर पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. तुमचा सिनेमा आम्हाला एवढा जवळचा का वाटला, ते यावरून कळावं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गणपती तोंडावर आलेले आणि तुम्ही कोमात. व्हेंटिलेटर लावलाय. बातमी फुटते आणि मुंबईतले, कोकणातले झाडून सगळे कामेरकर हॉस्पिटलात येऊन थडकतात. काहींना तुमची काळजी, काहींना गणपतीची; कारण काका गेले तर सुतक, आणि सुतकात मूर्ती बसवायची कशी? पुतण्या राजा नावाजलेला दिग्दर्शक, त्याचं बापाशी पटत नाही. मुलगा प्रसन्ना राजकारणात धडपडणारा, त्याचं तुमच्याशी पटत नाही. आशुतोष गोवारीकर आणि जितेंद्र जोशी यांनी ही दोन चिडलेली पोरं उभी केली. राजाचे वडील झाले सतीश आळेकर. म्हणजे ज्यांनी 1974 साली ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या भाऊरावांना स्वतःच्या मरणाचं कीर्तन करायला लावलं, तेच. मरणाच्या दारात हसायला मराठी माणूस तेव्हापासून सरावलेला आहे. ‘व्हेंटिलेटर’साठी मापुसकरांना 2016 सालचा उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी काय होतं ते इथं लिहीत नाही. पाहायचं राहिलेल्यांचा तो हक्क आहे.

हसलो आम्ही भरपूर. पण मला सोडत नाही तो प्रसन्नाचा राग. बापावर एवढा चिडलेला मुलगा, आणि बाप ऐकायला जागेवर नाही. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत उतरते, ती स्वरतंतूंच्या मधून. म्हणून पेशंट शुद्धीवर असला, तरी नळी असेपर्यंत त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही. श्वास चालू राहावा म्हणून बोलणं आधी बंद करावं लागतं. तुम्ही तर कोमातच होतात. ज्याच्याशी भांडायचं तो समोर आहे, छाती वरखाली होतेय, आणि एका शब्दाचं उत्तर मिळणार नाही. मग तो राग जातो कुठं?

तो कुठं जातो ते मी सोलापूरच्या एका हॉस्पिटलात पाहिलं. चुलत्यांना तिथं ठेवलं होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर आमचा संसार : फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगाचटणी, कुणाची तरी चादर. वर भिंतीला पाटी, डॉक्टरांवर हात उचलाल तर 2010 च्या कायद्यानं 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. त्या पाटीखालीच थोरला चुलतभाऊ आधी डॉक्टरांवर घसरला, मग अँब्युलन्सवाल्यावर, मग मेव्हण्यावर. “तुमच्यामुळंच उशीर झाला.” मेव्हणा म्हणाला, “मी गाडी आणली म्हणून इथवर तरी आलो.” तेवढ्यात नर्सबाई कागद घेऊन आल्या. “सही कोण करणार?” सगळे गप्प. थोरल्यानं पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि धाकट्याकडं पाहिलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरला बापाशी कित्येक वर्षं धड बोलला नव्हता. ते भांडण मिटलंही नव्हतं आणि संपलंही नव्हतं. त्या कागदावर सही करायची म्हणजे भांडण अर्धवट टाकून उठायचं. डॉक्टर, ड्रायव्हर, मेव्हणा हे मधल्यामधे शिव्या खाणारे लोक होते.

अमेरिकेत 2014 साली रॉबिन विल्यम्सचा एक सिनेमा आला होता, ‘द अँग्रिएस्ट मॅन इन ब्रुकलिन’. त्यात सतत संतापलेल्या माणसाला वैतागलेली डॉक्टरीण सांगून टाकते की तुझ्याकडं दीड तास उरलाय. तो दीड तास तो माणूस घरच्यांना गाठण्यासाठी शहरभर धावतो. तिथं मरणारा चिडलेला आहे आणि त्याच्याकडं जीभ आहे. आपल्याकडं, काका, मरणारा मुका आणि चिडलेले बाकीचे सगळे. मला आपलं चित्र जास्त खरं वाटतं. आपल्या घरांत आजारी माणसाला त्याचा आजारसुद्धा नीट सांगत नाहीत. दीड तास कुठला सांगणार!

तरीही यंत्रानं तुमच्या घराला चार दिवस दिले, हे मी विसरत नाही. आमच्या जिल्ह्याला त्याची किंमत कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. आदल्या संध्याकाळी मिरवणुकीत नाचलेली माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. सास्तूरकडच्या घरांना हॉस्पिटलचा व्हरांडा मिळाला नाही, सही मिळाली नाही, रुसवा काढायला एक मिनिट मिळालं नाही. पुढं 2020-21 मध्ये ‘व्हेंटिलेटर बेड आहे का’ हा प्रश्न वाडीवस्तीवर विचारला जाऊ लागला. तेव्हा बेड मिळाला तरी नातेवाइकांना आत सोडत नव्हते. तुमच्या सिनेमातला तो गोंगाट, ती सुतकावरची वादावादी, रांगेनं येणारे पाहुणे, हे सगळं तेव्हा चैनीचं वाटलं होतं.

आमच्याकडं काका म्हटलं की आधी आठवतात तेरचे गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे, चैत्रात यात्रा भरते. संतमंडळी जमलेली असताना त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, मडकं पक्कं की कच्चं, अशी कथा इथं लहान पोरांनाही पाठ असते. बाकीचे निमूट बसले, नामदेव चिडले, आणि कच्चे ठरले. पण कथा तिथं थांबत नाही. तो अपमान घेऊन नामदेव निघाले आणि गुरू विसोबा खेचरांपाशी पोचले. म्हणजे राग आला हे वाईट झालं नाही. कुठं भाजायचं राहिलंय ते त्यातून कळलं. तुमच्या व्हरांड्यात राजा आणि प्रसन्ना यांच्या डोक्यावर तेच थापटणं बसत होतं. फक्त नामदेवांना निघून जायला पुढं आयुष्य होतं. प्रसन्नाला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच जाता येत होतं.

म्हणून आता तुमच्याबद्दलची तक्रार लिहितो. वडीलधाऱ्यांना असं लिहू नये, पण अनावृत पत्र आहे, घ्या सांभाळून. सगळ्या गोतावळ्याचे लाडके काका तुम्ही. मग आपल्याला काय हवंय हे कुणाला सांगून का नाही ठेवलंत? नळी किती दिवस ठेवायची, कुणी ठरवायचं? तुमच्या वेळी कायदाही अवघड होता हे मान्य. अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाच्या प्रकरणात 7 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टानं दार किलकिलं केलं, पण उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. 9 मार्च 2018 ला घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 24 जानेवारी 2023 ला त्याची रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. वेळ आली की हॉस्पिटलातलं डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ. आणि आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घालता येतात. नर्सबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहिलेलं.

हक्कसोडपत्र, वाटणीपत्र यांसाठी आमची माणसं नोटरीच्या टेबलापुढं तासन्‌तास बसतात. त्याच खेपेत हा कागदही व्हावा, एवढंच माझं म्हणणं. कागदापेक्षा मला त्याच्या आधीचं भांडण हवंय. तुम्ही प्रसन्नाचं नाव घातलं असतंत, तर तो फणफणत आला असता : “आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही, आणि हे ओझं माझ्या डोक्यावर?” तुम्हीही गप्प बसला नसतात. तेव्हा तुमच्या घशात नळी नव्हती, त्याच्याकडं ऐकायला बाप होता. भांडण जिथं व्हायला हवं होतं, तिथं झालं असतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धाराशिवचा एक पुतण्या

ता. क. : हा विषय परवा वडिलांपाशी काढला. आधी म्हणाले, “मला मारायला निघालास का?” मग तासभर माझे सगळे जुने गुन्हे काढले, मीही त्यांचे काढले. आईनं मध्ये दोनदा चहा ठेवला. शेवटी म्हणाले, “कर कागद. पण दिवाळीनंतर. आणि तुझ्या एकट्याचं नाव नको, बहिणीचंही घाल. तू तापट आहेस.”