दोन इंची की तीन इंची?

मे संपत आला की आमच्या वसईत दोनच विषय असतात. आंबे, आणि यंदा पाणी तुंबणार का. सोसायटीने त्यात तिसरा घातलाय: पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप. तो कुठला घ्यायचा हे काम माझ्याकडे आलंय, कारण मी इंजिनियर, सॉफ्टवेअरचा का असेना. कोड लिहिणाऱ्याला पंप कळतो हा समज कुठून आला देव जाणे!

पेट्रोलचाच का, असं वसईबाहेरचे विचारतील. त्यांनी जुलै 2018 आठवावा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, विरार लोकल बंद पडली आणि बऱ्याच भागात तासन्‌तास वीज नव्हती. पाणी चढलं की सुरक्षेसाठी लाइट घालवावीच लागते. म्हणजे विजेवरचा सबमर्सिबल पंप नेमका हवा तेव्हाच मुका.

बॉस्टनजवळ राहणाऱ्या आतेभावाने मागे असाच घोळ घातला होता. बर्फ हटवायचं टू-स्टेज मशीन, 24 इंची की 28? पुढचा स्क्रू बर्फ कापून आत ओढतो, मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. महिनाभर तुलना करून त्याने मोठं घेतलं. मलाही फोनवर तोच सल्ला, "मोठंच घे रे, नंतर रडू नकोस." त्याचं ठीक आहे हो. त्याने लॉनवर फेकलेला बर्फ तिथेच पडून राहतो. पाणी असं गुणी नसतं.

तर हिशोब मांडला. आमचा प्लॉट साधारण 1000 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला तर 50,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 830 च्या वर. दोन इंची पंप मिनिटाला साधारण 600 लिटर टाकतो, तीन इंची 1000 च्या आसपास. झालं की मग! तीन इंची जिंकला.

पण हा फक्त आमच्या डोक्यावर पडणारा पाऊस. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी खाडीकडे जायला बघतं, आणि भरती असली की नाले ते पोटात घेत नाहीत. मग रस्ता आणि आमचं कंपाउंड एकाच पातळीवर. पंपाने भिंतीवरून बाहेर टाकलेलं पाणी गेटमधून परत आत येणार. आमच्या धंद्यात याला इनफायनाइट लूप म्हणतात, फक्त इथे पेट्रोल जळतं.

हे तळमजल्यावरच्या आजींना सांगणं अवघड होतं. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी येऊन गेलंय, आणि तीन इंचीसाठी सगळ्यात जास्त आग्रह त्यांचाच. "एवढा मोठा पंप आणून माझं घर बुडणारच का रे?" शेवटी सरळ सांगितलं, आजी, रस्ता भरला तर कुठलाच पंप घर कोरडं ठेवणार नाही. त्या रात्री तुम्ही पहिल्या मजल्यावर आमच्याकडे यायचं, आणि फ्रिज विटांवर चढवायचा. त्या गप्प बसल्या. मला खोटा धीर द्यायचा नव्हता.

मग पंप वाचवणार काय? लिफ्टचा खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. खड्डा दोन बाय दोन मीटर, दीड मीटर खोल: 6000 लिटर, दोन इंचीला दहा मिनिटं. टाकी 40,000 लिटरची. नाल्याचं पाणी शिरलं तर ती पूर्ण उपसून धुवावी लागते. दोन इंचीला सव्वा तास पकडा, तीन इंचीला चाळीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या फरकासाठी जास्त वजन कशाला? पंप उचलणार आमचे साठीतले वॉचमनकाका, सेक्रेटरी नव्हे! मी दोन इंची लिहून दिलाय. उरलेल्या पैशात टाकीच्या तोंडाला दीड फुटाचा कट्टा बांधायचा. गवंड्याचं काम, पण माझ्या मते पंपाहून महत्त्वाचं.

एक मात्र मीटिंगमध्ये दोनदा बजावलं. पंप उघड्यावरच चालवायचा. खड्ड्यात, टाकीत किंवा बंद पार्किंगमध्ये नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. पंप वर ठेवून पाइप खाली सोडायचा. सात-आठ मीटरपर्यंत तो पाणी ओढतो, आपली टाकी तीन मीटरच आहे.

बाकी किरकोळ. सुरू करण्याआधी पंपाच्या पोटात पाणी भरायचं, कोरडा चालवला तर सील जळतं. पावसाळा संपला की पेट्रोल काढून टाकायचं, नाहीतर कार्बुरेटरमध्ये चिकटा धरतो आणि पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा निखळतो. येत्या शनिवारी नागदेवी स्ट्रीटला जातोय. ओढायचा पाइप आत स्प्रिंग असलेलाच घ्यायचाय, साधा असला तर चिपकून बसतो.