गुंगी किती, कशाची

मी वरोऱ्याची, चंद्रपुरात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे नातेवाईक भेटायला आले की विनवतात, "बाबाले झोपू द्या ना सिस्टर, कायले उठवता?" घशात नळी असलेल्या माणसाने डोळे उघडले की घरच्यांचा जीव तुटतो.

गुंगीचं औषध सिरिंज पंपातून सतत जात असतं. मिडाझोलाम जुनं आणि स्वस्त. कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेत आकडी आली तर ते हमखास कामी येतं. पण किडनी बसली असेल तर ते अंगात साचतं. वरोऱ्याकडच्या एका आजींना न्यूमोनिया होता, लघवीही कमी. पंप बंद केल्यावरही दोन दिवस त्या उठल्या नाहीत. मुलगा कानाशी हाका मारत राहायचा. नळी निघाल्यावर बरळायला लागल्या. छतावर मुंग्या दिसायच्या, सुनेला ओळखेनात. हा भ्रम ओसरायला आठवडा गेला.

प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं, सोयाबीन तेलात मिसळलेलं. बंद केलं की माणूस लवकर जागा होतो, पण बीपी पडतं. डेक्समेडेटोमिडीनवरचा पेशंट हाकेला डोळे उघडतो आणि पुन्हा झोपतो. श्वास फारसा दबत नाही, नाडी मात्र मंदावते. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या दोन्ही औषधांना मिडाझोलामपेक्षा वर ठेवलं. तरी 2019 मध्ये सुमारे 4,000 पेशंटवरच्या अभ्यासात डेक्समेडेटोमिडीन आणि नेहमीची औषधं, दोन्हीकडे 90 दिवसांतले मृत्यू सारखेच निघाले. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं एक औषध नाही. पेशंटची किडनी, बीपी, नाडी बघूनच डॉक्टर निवडतात.

गुंगी किती द्यायची, यावर माझं लक्ष जास्त असतं. आकडी थांबत नसेल, फुफ्फुसं फारच खराब असतील, तर गाढ झोप द्यावीच लागते. बाकीच्यांचा पंप सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी करतो. मी हाक मारते, "आजी, माझा हात दाबा." बोटं हलली की गुंगी मोजायचा रास स्कोअर लिहिते. शून्य म्हणजे शांत आणि जागा, उणे पाच म्हणजे हलवूनही प्रतिसाद नाही. शून्य ते उणे दोनमध्ये ठेवलेला पेशंट नळीतून लवकर सुटण्याची शक्यता जास्त. दुखण्यासाठी फेंटानिल वेगळं चालू असतं.

म्हणून घरच्यांना सांगते, जागं ठेवणं म्हणजे छळ नव्हे. चष्मा आणून द्या, आज वार कोणता ते सांगा, शेताचं, घरचं बोला. गुंगी उतरताना ओळखीचा आवाज कानावर पडला, तर माणूस कमी घाबरतो.