कॉलेजचे कपडे आणि भिशीचे साडेतीन हजार

बारावीपर्यंत गणवेश असतो तोवर आमच्यासारख्या घरांची एक मोठी काळजी मिटलेली असते. दोन जोड शिवले की वर्ष निघते. वर्गात कोण काय घालून आले याची चर्चा होत नाही. मग बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, कागदपत्रांची आणि फीची धावपळ सुरू होते आणि एके दिवशी पोरगी हळूच विचारते, "कॉलेजला मी घालू काय?"

आम्ही दोघी जावा. चेंबूरच्या बाजूला एका वस्तीत वीस वर्षे एकत्र राहतो. थोरली घाटकोपरला एका घरी स्वयंपाकाला जाते. धाकटी घरीच मशीन चालवते. साड्यांना फॉल-बिडिंग, ब्लाऊज, जमेल ते. घरातली मुले नेमकी कोणाची हे शेजाऱ्यांनाही धड सांगता येत नाही, म्हणून इथेही आम्ही 'आमची लेक' आणि 'आमचा मुलगा' एवढेच लिहितो. मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. लेकीला यंदा फोर्टातल्या एका कॉलेजात कॉमर्सला प्रवेश मिळाला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, पण ते पैसे हातात पडतील तेव्हा खरे. त्यांच्या भरवशावर जूनचा खर्च धरता येत नाही. भिशीचे साडेतीन हजार रुपये होते. त्यातच सगळे बसवायचे ठरले.

बाजारात जायच्या आधी आम्ही ट्रंक उघडली आणि होते नव्हते ते खाटेवर ओतले. भगिनींनो, हे काम कंटाळवाणे वाटते, पण निम्मे पैसे इथेच वाचतात. गणवेशाचे आकाशी कुर्ते काखेत विरले होते, ते फडक्यांत गेले. पांढऱ्या सलवारी मात्र चांगल्या निघाल्या. पांढरी सलवार कशावरही चालते. मागच्या दोन दिवाळ्यांचे दोन पंजाबी ड्रेस अंगाला घट्ट होत होते. धाकटीने बाजूची शिवण चाचपली तर आत एकेक इंच दाब होता. अर्धा इंच उसवला की दोन्ही बाजू मिळून घेर दोन इंचांनी वाढतो, आणि पुढच्या वर्षासाठी अर्धा इंच शिल्लक राहतो. जुन्या शिवणीची गडद रेघ थोडी दिसते, पण ती काखेखालून जाते. ओढणी घेतली की कोण पाहणार? शिंपी दाब न सोडता शिवून देतो तेव्हा तो आपले पुढचे वर्ष कापून ठेवतो, हे शिवायला टाकतानाच सांगावे.

याच आठवड्यात थोरलीच्या कामावरच्या बाईंनी एक भरलेली पिशवी काढून ठेवली. त्यांच्या मुलीचे कपडे. बाई मनाने वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. कपडेही वाईट नव्हते. एका टॉपची तर किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. थोरली "विचारून सांगते" म्हणून रिकाम्या हाताने घरी आली.

रात्री जेवताना विषय निघाला आणि आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, हातातला घास तसाच धरून बसल्या. आत्या सातारकडच्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला वाड्यावरचं उतरलेलं लुगडं मिळायचं. हातात न्हाई, उंबऱ्याखाली टाकायचे. आन् दुसरं मिळायचं ते मढ्यावरचं. ते धुवून आमाला झगं शिवायची."

मुलांनी हे पुस्तकात वाचलेले असते. पण आपल्या आजीच्या तोंडून ऐकणे वेगळे. मेलेल्याची वस्त्रे हाच चांडाळाचा पेहराव, असे मनुस्मृतीत लिहून ठेवले आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायांना जवळ बसवून लुगड्याविषयी सांगितले होते. नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि गळ्यातल्या दागिन्यांच्या ओझ्यावरून आपली जात ओळखू येते, ती खूण पुसून टाका, असे त्या सांगण्याचे सार. एवढ्या मोठ्या लढ्याच्या मधोमध बायांच्या नेसण्याकडे वेळ काढून पाहिले, याचे आम्हांला नेहमीच अप्रूप वाटते. आपल्या माणसांनी पितळी तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली ती चैन म्हणून नव्हे.

लेक म्हणाली, "आजी, आता कॉलेजातली पैसेवाली मुलंसुद्धा जुने कपडे घेतात. फोनवर मागवतात. थ्रिफ्ट म्हणतात त्याला."

"त्यांला हौस आसंल," आत्या म्हणाल्या. "आमाला दुसरं व्हतंच काय?"

आम्ही दोघींनी त्या रात्री भांडी घासताना यावर बराच विचार केला. अपमानाची गोष्ट एक झाली, पण आणखीही एक हिशेब होता. पिशवी घरात आली की बाई रोज विचारणार, "बसलं का गं तिला?" मग त्या वर्षी पगारवाढीचा विषय काढायला तोंड उरत नाही. पिशवीतले कपडे फुकट दिसतात, पण थोरली त्यांचे पैसे महिन्या-महिन्याने फेडणार. दुसऱ्या दिवशी थोरलीने सरळ सांगितले, "बाई, कपडे राहू द्या. पगारात दोनशे रुपये वाढवा, पोरगी कॉलेजला लागलीय." बाई जरा गप्प झाल्या. मग दिवाळीपासून वाढवते म्हणाल्या. ज्या घरांतून असे कपडे घेतले जातात त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. ज्याचे त्याला ठाऊक. बहिणीच्या, नणंदेच्या मुलीचे कपडे तर आम्हीही आनंदाने घेतो. तिथे आज त्यांच्याकडून येते, उद्या आपल्याकडून जाते.

एका शनिवारी लेकीला घेऊन आम्ही दोघी हार्बरने सीएसएमटीला उतरलो आणि महात्मा फुले मंडईच्या बाजूने मंगलदास मार्केटमध्ये शिरलो. रविवारी जाऊ नये, मार्केट बंद असते. तयार कुर्तीच्या भावात इथे दोन कुर्त्यांचे कापड येते, मात्र घरात मशीन हवी किंवा मशीनवाली शेजारीण हवी. चव्वेचाळीस इंची पन्हा असेल तर बाह्यांसकट गुडघ्यापर्यंतच्या कुर्तीला सव्वादोन मीटर पुरते. साडेचार मीटर सुती कापड, १३० रुपये मीटर, ५८५ रुपये. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचे. ते आटायचे तेवढे आधीच आटू द्यावे, शिवल्यावर आटले तर कुर्ती धाकट्या बहिणीला जाते.

तिथून चालत फॅशन स्ट्रीट. एमजी रोडच्या कडेला ती दुकानांची रांग बघून लेकीचे डोळे मोठे झाले. इथे बराच माल परदेशी पाठवण्यासाठी शिवलेल्यांतला उरलेला असतो; गळ्यामागची पट्टी कापलेली दिसते. खोट कुठे आहे ते आपण शोधायचे. जीन्सचे दोन्ही पाय एकावर एक ठेवून बघावेत, एखादा पिळलेला निघतो. चेन चार वेळा वरखाली करावी. मांडीच्या आतली बाजू आणि बसायची शिवण उजेडाकडे धरावी. सातशे सांगितलेली जीन्स ३८० ला मिळाली. एकच घेतली, कारण पावसाळ्यात आमच्या गॅलरीत जीन्स दोन दोन दिवस ओली राहते आणि ओल्या जीन्सने लोकलमध्ये उभे राहणे म्हणजे शिक्षा.

परतताना स्टेशनबाहेर जुन्या कपड्यांचा ढीग लागला. लेकीने त्यातून चौकडीचा एक शर्ट उचलला, ऐंशी रुपये. आम्ही एकमेकींकडे बघितले, पण अडवले नाही. घरी आल्यावर आत्यांनी तो हातात घेतला, कॉलर बघितली, वास घेतला.

"किती दिलंस?"

"ऐंशी. साठ म्हणत होते मी, ऐकलं नाही त्याने."

"म्हंजी इकत घेतलास. मग गरम पाण्यात भिजव." आणि बादली त्यांनीच पुढे ओढली.

बाकीचा हिशेब असा. एक टॉप २००, काळी लेगिंग १६०, दोरा-बटणे ६०, पावसात चालणाऱ्या सँडल ४५०, छत्री २७०, शाळेच्याच बॅगेला नवी चेन ६०. आणि आतले कपडे ९२०. यादी करताना हा खर्च कोणी धरत नाही, आई लाजते, मुलगी बोलत नाही, आणि मग पोर दिवसभर आखडून वर्गात बसते. आमच्या यादीत तो सगळ्यांत वर होता. एकूण ३,१६५ रुपये झाले.

सहा कपडे वर घालायचे, तीन खाली. लेकीने लगेच गुणाकार करून अठरा जोड काढले, मग आरशासमोर उभी राहून त्यांतले पाच स्वतःच बाद केले. तेरा उरले. पहिल्या आठवड्यात एका मुलीने तिला कुर्ती कुठून घेतली म्हणून विचारले. "काकूने शिवली," असे तिने सांगितले. आता त्या मुलीचे कापड शिवायला आले आहे, शिलाई अडीचशे.

मुलगा या सगळ्यात कोपऱ्यात बसून होता. त्याला फोनवर शर्ट दिसत होते, आत्ता घ्या आणि पैसे नंतर हप्त्याने द्या. ते आम्ही चालू दिले नाही. त्याच्या दोन शर्टांची अंगे चांगली होती, फक्त कॉलर मानेशी विरलेली. धाकटीने कॉलर पट्टीपासून उसवली, उलटी केली आणि परत बसवली. विरलेली बाजू खाली गेली, कोरी बाजू वर आली. कॉलरच्या टोकांना बटणे असतील तर ही युक्ती चालत नाही. आमच्या वडीलमाणसांनी अशा कॉलर उलटून कचेऱ्यांत नोकऱ्या काढल्या. नव्या मुलांना हे ठाऊकच नसते.

आता कॉलेजात ट्रॅडिशनल डे येणार आहे. भाड्याची नऊवारी पाचशे रुपये म्हणे, शिवाय डिपॉझिट. आत्यांनी काल न बोलता आपल्या पेटीतून हिरवी इरकल काढली. त्यांच्या स्वतःच्या कमाईची, घडी मोडून चारच वेळा नेसलेली. "उतरलेलं न्हाई हे," असे नातीला दोनदा बजावून सांगितले आणि कशी नेसायची ते दाखवायला स्वतः उभ्या राहिल्या. साडीचे काम झाले. ब्लाऊज मात्र आत्यांचे तिला बसत नाही, नवे शिवावे लागेल. हातात ३३५ रुपये आहेत. त्यात कापड आणि अस्तर बसते का, ते बघायला धाकटी शनिवारी दादरला हिंदमाताकडे जाणार आहे.